मेलबर्नचा तो शेवटचा रक आणि रेफरीला विचारायचा खरा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. २६ जुलै २०२५ ला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्स (इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स यांचा एकत्र संघ) यांची रग्बीची दुसरी कसोटी झाली. ऑस्ट्रेलिया एका क्षणी २३–५ अशी पुढे होती. लायन्सनी अगदी शेवटी ह्यूगो कीननच्या ट्रायवर (बॉल विरुद्ध संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय) ती २९–२६ अशी जिंकली आणि मालिकाही खिशात घातली. त्या ट्रायच्या काही सेकंद आधी लायन्सच्या जॅक मॉर्गनने रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठी भिडलेल्या खेळाडूंच्या घोळक्यात, खांदा घालून ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला बाजूला केलं. टिझानो मान-डोकं धरून मागे पडला. इटलीचे रेफरी आंद्रेआ पियार्दी यांनी टीएमओबरोबर (रिप्ले तपासणारा अधिकारी) रिप्ले पाहिला आणि ट्राय कायम ठेवला. कोथरूडमध्ये सहा मित्र ही मॅच एकत्र बघत होते. तिघं म्हणतात ती उघड पेनल्टी होती, दोघं म्हणतात टिझानोने नाटक केलं, आणि एकाचं ठाम मत आहे की रेफरी युरोपचा होता म्हणून लायन्सना झुकतं माप मिळालं. वाद अजून मिटलेला नाही. "तुम्ही इतकी वर्षं पुण्यात रग्बीच्या मॅचला शिट्टी वाजवताय, आता तुम्हीच सांगा," असं मला विचारलंय.

माझं उत्तर आधी सांगते. पियार्दींच्या जागी मी असते तर मीही ट्राय दिला असता. पण तुमच्यातले जे तिघं पेनल्टी म्हणतात, त्यांनी नियम चुकीचा वाचलेला नाही.

रकपासून सुरुवात करू, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे. टॅकल झाला की बॉल घेऊन पडलेल्या खेळाडूला बॉल सोडावाच लागतो. त्याच वेळी विरुद्ध संघाचा एखादा खेळाडू पायांवर उभा राहून, वाकून बॉलवर हात घालतो. याला जॅकल म्हणतात. पडलेल्याने बॉल धरून ठेवला की पेनल्टी. टिझानो नेमकं हेच करायला आला होता. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी पुढे असलेल्या संघाला अशी पेनल्टी मिळाली, तर बॉल बाहेर मारायचा आणि मॅच संपवायची. म्हणजे मॉर्गनकडे त्याला तिथून हलवायला फार तर एक सेकंद होता.

आता नियम. ९.२० हा रक आणि मॉलमधल्या (बॉल हातात असलेल्या उभ्या खेळाडूभोवतीचा घोळका) धोकादायक खेळाचा नियम. त्यातल्या इथे लागू होणाऱ्या दोन गोष्टी साध्या शब्दांत अशा: कुणाला हाताने धरल्याशिवाय रकमध्ये धडक मारत घुसायचं नाही, आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यांच्या रेषेच्या वर स्पर्श करायचा नाही. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जो श्मिट यांनी मॅचनंतर याच नियमाकडे बोट दाखवलं. मॉर्गनचा खांदा टिझानोच्या मानेच्या-खांद्याच्या भागात लागला, हे रिप्लेमध्ये दिसतं. अक्षरशः वाचलं तर पेनल्टी.

पण त्याच पुस्तकात १५.३ आहे, आणि तो कुणीच वाचत नाही. रकमध्ये असलेल्या प्रत्येकाचं डोकं आणि खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत, असं तो सांगतो. आता घरी एक प्रयोग करून बघा. जमिनीवर भरलेली कळशी ठेवा, पाय फाकवून दोन्ही हातांनी ती उचलायला वाका, आणि घरातल्या कुणाला तरी समोरून बघायला सांगा. त्याला काय दिसतं? डोकं, मानेचा मागचा भाग आणि खांदे. छाती दिसत नाही, पोट दिसत नाही. जॅकल करणारा खेळाडू असाच असतो. त्याचं डोकं जवळजवळ दर वेळी कमरेच्या खाली गेलेलं असतं, आणि कुठलाच रेफरी त्यासाठी शिट्टी वाजवत नाही. वाजवली तर जॅकल हा प्रकारच खेळातून संपेल. म्हणजे एका बाजूने आपण जॅकल करणाऱ्याला नियमापेक्षा खाली वाकू देतो आणि दुसऱ्या बाजूने त्याला हटवायला येणाऱ्याला सांगतो, खांद्याच्या वर हात लावू नकोस. समोरून येणाऱ्याने मग धरायचं कुठे?

आम्ही मुलांना शिकवतो की त्याच्याही खाली शिरायचं, आपला खांदा त्याच्या दंडाखाली किंवा छातीखाली घालायचा, हाताने कवेत घ्यायचं आणि वर उचलून मागे न्यायचं. तो आधी पोहोचून घट्ट बसला असेल तर हे जवळपास अशक्य असतं. पूर्वी बाजूने धरून मुरगाळत लोळवायचा एक मार्ग होता, त्याला क्रोकोडाइल रोल म्हणत. त्यात जॅकल करणाऱ्याच्या गुडघ्यावर सगळं वजन यायचं, म्हणून २०२४ मध्ये त्यावर बंदी आली. योग्यच झालं. मी स्वतः अशा एका लोळवण्यात गुडघा गेलेला मुलगा पाहिला आहे, त्याचं ओरडणं अजून कानात आहे. पण एक दार बंद झालं की सगळी गर्दी दुसऱ्या दारातून होते. समोरून खांदा घालणं, हाच मार्ग उरला.

त्यामुळे रेफरी मैदानावर काय बघतो, तर पुस्तकातल्या ओळीपलीकडच्या काही गोष्टी. दोघं एकाच वेळी पोहोचले की एक आधीच बसला होता? येणारा खाली वाकून आला की उभ्याने धडकला? त्याचा हात उघडा होता, कवेत घेण्याचा प्रयत्न दिसतो, की खांदा मुठीसारखा आवळून आणला? पहिला स्पर्श कुठे झाला आणि मग कुठे घसरला? पियार्दींनी मैदानावरच आपलं कारण बोलून दाखवलं. त्याचा गाभा असा होता की दोघंही खाली वाकलेले आहेत, एकाच वेळी येतात, आणि त्यात फाउल प्ले दिसत नाही. डोक्याला स्पर्श झाला असेल तर वर्ल्ड रग्बीची (खेळाची जागतिक संघटना) ठरलेली प्रश्नमालिका आहे: डोक्याला स्पर्श झाला का, तो फाउल प्ले होता का, धोका किती, आणि शिक्षा कमी करण्यासारखं काही आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं की प्रकरण तिथेच थांबतं. पियार्दी तिथेच थांबले. तुम्ही म्हणू शकता की त्यांनी हो म्हणायला हवं होतं. पण त्यांनी प्रश्न टाळला नाही.

आता दुसरा भाग, जो माझ्या मते तुमच्या सहाजणांच्या भांडणात कुठेच आला नाही.

क्रिकेटमुळे आपल्याकडे 'अंपायर्स कॉल' घराघरात माहीत आहे. चेंडू स्टंपला निम्म्याहून कमी लागताना दिसला तर मैदानावरच्या अंपायरचा निर्णय कायम राहतो. तोच चेंडू, तेच चित्र, पण अंपायरचं बोट वर गेलं होतं तर आउट आणि नव्हतं गेलं तर नॉट आउट. रग्बीत मोजमापाची रेषा नाही, पण विचार तोच आहे. रेफरी आधी आपला निर्णय सांगतो आणि तो बदलायचा तर पुरावा स्पष्ट आणि उघड लागतो. मेलबर्नला मैदानावरचा निर्णय ट्राय होता. म्हणजे टीएमओपुढचा प्रश्न "यात काही खटकतं का" असा नव्हताच. प्रश्न होता, "हा निर्णय उलटवण्याइतकं उघड काही दिसतं का." ज्या रकवर दोन देशांतले माजी खेळाडू दिवसच्या दिवस वाद घालतात, तिथे उघड असं काही नव्हतं, हे त्या वादावरूनच कळतं.

याची दुसरी बाजू बघा. १० फेब्रुवारी २०२४, एडिनबराचं मरेफील्ड, स्कॉटलंड विरुद्ध फ्रान्स. फ्रान्स २०–१६ ने पुढे. शेवटच्या क्षणी स्कॉटलंडचा सॅम स्किनर माणसांच्या ढिगाऱ्यासकट रेषेपलीकडे पडला. रेफरी निक बेरी यांनी मैदानावर सांगितलं, बॉल जमिनीला लागला नाही, ट्राय नाही. रिप्लेमध्ये बॉल आधी एका पायावर टेकलेला दिसतो आणि मग खाली गवताला लागला असावा असं वाटतं. मी ते चित्र निदान पन्नास वेळा पाहिलंय. मला मनातून खात्री आहे की तो बॉल जमिनीला लागला. पण टीएमओच्या खुर्चीत बसून "लागला असावा" म्हणता येत नाही. निर्णय कायम राहिला, स्कॉटलंड हरला. बेरींनी त्या क्षणी उलट, ट्राय, असं म्हटलं असतं, तर त्याच चित्रावर तो ट्रायही कायम राहिला असता. मरेफील्डला ज्यांनी या पद्धतीला शिव्या दिल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मेलबर्नला तिच्याच जोरावर आनंद साजरा केला, कारण लायन्सच्या जर्सीत स्कॉटलंडचेही खेळाडू असतात.

पुण्यात आमच्याकडे टीएमओ नाही. अनेकदा लाइनवर धड दोन टच जजही (झेंडा घेऊन रेषेवर उभे राहणारे साहाय्यक) नसतात, कुणाच्या तरी वडिलांच्या हातात झेंडा देऊन काम भागवतो. त्यामुळे मला ही गोष्ट रिप्लेवरून शिकता आली नाही, मैदानात चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका मैदानावर पावसात शाळकरी मुलांची मॅच होती. चिखल इतका की बॉल आणि बूट वेगळे ओळखू येत नव्हते. रेषेवर ढीग पडला. मी उजव्या बाजूला होते, मला एक हात बॉलवर आणि बॉल चिखलात दिसला. शिट्टी, ट्राय. तीच मॅचची शेवटची हालचाल. मुलं उठली तेव्हा बचाव करणाऱ्या संघाचा एक चौदा वर्षांचा पोरगा हातभर चिखल माखलेला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, माझा हात बॉलच्या खाली होता." त्याच्या डोळ्यांत तक्रार नव्हती, तो फक्त सांगत होता. आणि तो खरं बोलत होता, हे मला त्याच क्षणी कळलं, कारण माझ्या बाजूने तो हात दिसणं शक्यच नव्हतं. निर्णय मी बदलला नाही, तसा अधिकारही नव्हता आणि पुरावाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून ढीग पडला की मी धावत पलीकडच्या बाजूला जाते, आणि दिसलं नाही तर दिसलं नाही असं स्वतःशी कबूल करते. बॉल दिसला नाही तर ट्राय नाही. नंतर त्या मुलाच्या प्रशिक्षकांना फोन करून मी त्याची माफी मागितली.

मोठ्या मैदानांवरही मूळ अडचण हीच, बघायला कॅमेरे असतात एवढाच फरक. आणि कॅमेरे असूनही वापरायची मुभा नसते, तेव्हा काय होतं ते २०१५ च्या विश्वचषकात दिसलं. ट्विकनमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, स्कॉटलंड ३४–३२ ने पुढे, मॅच संपायला आली होती. लाइनआउटनंतर (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांच्या मधे आत फेकतात तो) बॉल स्कॉटलंडच्या खेळाडूकडून पुढे उडाला, जॉन वेल्शने तो ऑफसाइड जागेवरून धरला आणि रेफरी क्रेग जूबर्ट यांनी ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने ती मारली, ३५–३४. पण मधे बॉल ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सला लागला होता. त्यामुळे तिथे पेनल्टीऐवजी स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकांना भिडून बॉलसाठी ढकलायचं) द्यायला हवा होता, असं वर्ल्ड रग्बीने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं. जूबर्टना तो स्पर्श दिसला नसावा. आणि अशा निर्णयासाठी टीएमओकडे जायची परवानगीच त्या वेळच्या प्रोटोकॉलमध्ये नव्हती. शिट्टी वाजताच ते मैदानातून पळत आत गेले, यावर त्यांच्यावर जास्त टीका झाली. पळायला नको होतं, हे माझंही मत आहे. पण पेनल्टीबद्दल त्यांना खोटारडं म्हणणं अन्याय आहे.

याच्या बरोबर उलट २०२३ ची फायनल. पॅरिसमध्ये २८ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२–११ असं एका गुणाने हरवलं. न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथचा ट्राय रेफरी वेन बार्न्स यांनी दिला होता. टीएमओने मागे जाऊन दाखवलं की लाइनआउटच्या वेळी आर्डी सव्हेयाच्या हातून बॉल पुढे सुटला होता. ट्राय रद्द. बॉल खरंच पुढे सुटला होता, त्यात वाद नाही. पण टीएमओने अशा नॉक-ऑनसाठी दोनच फेज (एका रकपासून पुढच्या रकपर्यंतचा खेळ म्हणजे एक फेज) मागे जायचं, असं प्रोटोकॉल सांगत होता आणि हे त्याहून मागचं होतं. म्हणजे निष्कर्ष खरा, पण तिथवर पोहोचायचा रस्ता त्यांना खुला नव्हता. रेफरी म्हणून मला हे मेलबर्नपेक्षा कितीतरी जास्त बोचतं. न्यूझीलंडच्या चाहत्यांची तक्रार इथे रास्त आहे. पण तक्रार निर्णयाची करायची, माणसाची नाही. टीएमओ टॉम फोली यांनी त्या फायनलनंतर स्वतःला आणि कुटुंबाला झालेल्या शिवीगाळीमुळे आंतरराष्ट्रीय रग्बीतून काही काळ बाजूला व्हायचं ठरवलं. बार्न्सना तर २००७ पासून याची सवय होती. कार्डिफला फ्रान्सने न्यूझीलंडला २०–१८ असं हरवलं, तेव्हा फ्रान्सच्या एका ट्रायआधीचा पुढे दिलेला पास त्यांच्या नजरेतून सुटला होता, आणि त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस होतं.

तुमच्या युरोपवाल्या मित्रासाठी एक गोष्ट सांगते, ती त्याला पटेल. पक्षपाताची शंका लायन्सच्या इतिहासात नवी नाही, आणि एके काळी तिला आधारही होता. १९५९ मध्ये ड्युनेडिनला लायन्सनी न्यूझीलंडविरुद्ध चार ट्राय केले आणि तरी १८–१७ असे हरले, कारण डॉन क्लार्कने सहा पेनल्टी मारल्या. रेफरी न्यूझीलंडचाच होता, तेव्हा यजमान देशाचाच रेफरी असायचा. ट्रायला त्या काळी तीनच गुण होते, आजच्या हिशेबाने लायन्स सहज जिंकले असते. असल्या प्रकारांनंतर तटस्थ देशाचा रेफरी ही पद्धत रुजली. पियार्दी इटलीचे. इटली इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स या चौघांविरुद्ध दर वर्षी सिक्स नेशन्समध्ये खेळते. या चार देशांवर त्यांचा जीव असायचं काही कारण मला दिसत नाही.

आणि नाटकवाल्या दोघांना: टिझानोच्या मानेवर आघात झाला होता का, हे त्याच्या पडण्यावरून तुम्ही ठरवू शकत नाही, मीही नाही. मान ही अशी जागा आहे की हलका वाटणारा धक्काही माणसाला खाली आणतो. खेळाडू डोकं धरून पडला की रेफरीने पहिल्यांदा त्याला खरं मानायचं, डॉक्टरला आत बोलवायचं, बाकी नंतर. पण त्याचबरोबर, तो कसा पडला हा फाउलचा पुरावाही धरायचा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला मला बरीच वर्षं लागली.

रिप्ले बघताना एक करा. आधी पूर्ण वेगाने बघा, आवाज बंद करून. स्लो मोशनमध्ये प्रत्येक खांदा मुद्दाम घातल्यासारखा दिसतो, कारण प्रत्यक्षात नसलेला विचार करायचा वेळ आपण त्या खेळाडूला देऊन टाकतो. पहिला स्पर्श कुठे झाला हे शोधायला स्लो मोशन उत्तम. जोर किती होता आणि टाळता आला असता का, हे मात्र खऱ्या वेगातच कळतं. मेलबर्नचा रक मी खऱ्या वेगाने पाहिला तेव्हा मला दोन दमलेले फ्लँकर एका बॉलसाठी एकाच वेळी झेपावताना दिसले. स्लो मोशनमध्ये पाहिला तेव्हा माझाही हात शिट्टीकडे गेला.

वर्ल्ड रग्बीने आता ९.२० आणि १५.३ एकत्र बसवून नव्याने लिहावेत, असं मला मनापासून वाटतं. एकतर जॅकल करणाऱ्याला डोकं वर ठेवायला लावा आणि त्यासाठी खरोखर शिट्टी वाजवा, नाहीतर त्याला हटवणाऱ्याला कुठे स्पर्श चालेल ते स्पष्ट सांगा. आज दोन्ही नियम कागदावर आहेत आणि मैदानावर तिसराच चालतो. हा तिसरा नियम प्रत्येक रेफरीच्या डोक्यात थोडा वेगळा असतो, म्हणूनच मेलबर्नला पियार्दींनी जे सोडलं, ते दुसऱ्या एखाद्या शनिवारी दुसरा कुणी पकडेल. खेळाडूंच्या मानेची काळजी असेल तर हे आधी करायला हवं.

तुम्ही सहाजण कोथरूडचे म्हणता, तर पावसाळा संपला की एखाद्या रविवारी सकाळी आमच्या मुलांच्या मॅचला या. टच जज कायम कमी पडतात. झेंडा मी देईन, लाइनवर कुठे उभं राहायचं आणि रककडे कुठल्या कोनातून बघायचं ते पंधरा मिनिटांत दाखवीन. दोघं या बाजूला, दोघं त्या बाजूला, आणि उरलेले दोघं माझ्या मागोमाग पळतील. प्रत्येक रकनंतर कुणाला काय दिसलं ते लगेच मोठ्याने सांगायचं. येताना जुने बूट आणा, दवामुळे आउटफील्ड सकाळी ओलं असतं.